आईचें दुखणें आणि खानावळीची पाटी

आईबापांची सेवा करावी कीं नाहीं, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर सर्वांस ठाऊक आहे, आणि ज्यांना तें पाळावयाचें नसतें तेही तोंडानें तें कबूल करितात. खरे प्रश्न त्याच्या पुढें उभे राहतात. सेवा करावयाची तर पैसा लागतो. पैसा मिळवावयाचा तर धंद्यावर बसावें लागतें. आणि धंद्यावर बसलें कीं अंथरुणाशेजारची जागा रिकामी पडते. ह्या ओढाताणींत सांपडलेल्या एका घराचा प्रश्न आमच्याकडे आला आहे. तो लहान दिसतो. परंतु त्याचा विचार करितांना आमचें मत दोनतीनदां बदललें, हें आधींच सांगून ठेवितों.

सोलापुरांत, एका मोठ्या रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एक विधवा बाई बरींच वर्षें खानावळ चालवीत आली. जागा चार मेजांची. ज्वारीची भाकरी, पिठलें, काळ्या मसाल्याची आमटी, रविवारीं मटण, आणि उखळांत कुटलेली शेंगांची चटणी. सोलापुरांत शेंगांच्या चटणीस तोटा नाहीं. तरी ह्या बाईची चटणी पुडींत बांधून नेणारीं माणसें होतीं. जेवावयास येणारे बहुतेक खेड्यापाड्यांतले, ज्यांचें माणूस रुग्णालयांत निजलेलें आहे असे. अशाला चव फारशी कळत नाहीं. त्याला ऊन भाकरी, टेकावयास भिंत, आणि "आणखी वाढूं का?" असें विचारणारें कोणी लागतें. बाईला हें समजत होतें, कारण नवऱ्याच्या अखेरच्या दुखण्यांत तीही त्याच रुग्णालयाच्या पायरीवर कित्येक रात्रीं बसली होती.

दोन वर्षांपूर्वीं बाईचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. आतां आठवड्यांतून तीन वेळां तिला डायलिसिसकरितां न्यावें लागतें. अंगांतलें रक्त नळीनें बाहेर काढावयाचें, यंत्रांतून शुद्ध करावयाचें आणि परत अंगांत सोडावयाचें, असें तें काम आहे. एका खेपेस सुमारें चार तास लागतात. जाणें, थांबणें, येणें धरलें तर दुपार सगळी जाते. घरीं आल्यावर ती गळून पडते. जेवणांत मीठ बेताचें, शेंगदाणे जवळजवळ वर्ज्य, आणि पाणी दिवसाकांठीं मोजून, कारण शरीराला जास्तीचें पाणी बाहेर टाकतां येत नाहीं. ज्या चटणीनें खानावळीस नांव मिळालें ती चटणी आतां तिच्या जिभेला लागत नाहीं.

खर्चाचा मोठा भाग शासनाच्या योजनेंतून भागतो. जुलै २०१२ मध्यें ही योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होतें. तेव्हां तिला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणत. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ह्या नांवानें चालते. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें दुखणें असेल तर त्यांनीं शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर घेऊन रुग्णालयांतील आरोग्यमित्राला अवश्य भेटावें. पुष्कळ लोक केवळ न विचारल्यामुळें कर्जांत बुडतात. परंतु योजना यंत्राचा खर्च देते. रिक्षाचें भाडें, आणि न पेटलेल्या चुलीचें नुकसान, हीं ती देत नाहीं.

मुलगी एकोणीस वर्षांची आहे. महाविद्यालय सोडून तिनें खानावळ हातीं घेतली. धाकटा भाऊ बारा वर्षांचा, शाळेंत जातो. मुलीच्या हाताला अजून आईची चव आलेली नाहीं; भाकरी थापतांना तिचा कांठ फाटतो. त्यांत आठवड्याचे तीन दिवस दुपारीं दार बंद. गिऱ्हाईक म्हणजे पांखरूं. दोनदां दार बंद दिसलें कीं तिसऱ्यांदां तें पलीकडच्या झाडावर जाऊन बसतें.

अशा वेळीं दोन हितचिंतक पुढें आले. पहिला शेजारचा दुकानदार, वयानें मोठा, मनाचा चांगला. तो म्हणाला, "पोरी, आईची खाट पुढच्या खोलींत ठेवूं नकोस. जेवणाऱ्याच्या डोळ्यांपुढें आजारी माणूस आलें कीं घांस अडतो. मागें पडदा लाव. कोणीं विचारलें तर सांग, आई गांवीं गेली आहे." दुसरा तिचा मामेभाऊ, पुण्यास नोकरीवर असतो. त्यानें हसून सांगितलें, "लपवतेस कशाला? उलट दाखव. आत्या खाटेवर निजली आहे, तूं तिला पाणी पाजतेस, मग उठून भाकरी थापावयास बसतेस, एवढें मी मोबाइलवर घेतों. खालीं खानावळीचा पत्ता घालतों. आठ दिवसांत दारापुढें रांग लागेल." ह्यांतलें कोणतें करावें, हें मुलीनें मंडळीच्या उपदेशकांस विचारलें, आणि त्यांनीं तें आम्हांस लिहून कळविलें.

दुकानदाराच्या सल्ल्यांतील शेवटलें वाक्य खोटें आहे, तें टाकून देऊं. राहिला पडदा. जेवावयास येणाऱ्याला काय कळण्याचा हक्क आहे, हें येथें आधीं पाहिलें पाहिजे. अन्न स्वच्छ आहे कीं नाहीं, तें करणाऱ्या हातांना संसर्गाचा रोग आहे कीं काय, हें कळण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. अन्नसुरक्षेचे जे नियम २०११ सालीं झाले त्यांत, संसर्गजन्य रोग असलेल्या माणसानें अन्न हाताळूं नये, असें स्पष्ट आहे. बाईला क्षयासारखा रोग असता, तर वैद्यानें धोका टळला असें सांगेपर्यंत तिला चुलीपासून व गर्दीच्या खोलीपासून दूर ठेवणें हें मुलीचें कर्तव्यच झालें असतें, मग गिऱ्हाईक राहो वा जावो. परंतु मूत्रपिंडाचें दुखणें कोणाला लागत नाहीं. तेव्हां येथें गिऱ्हाइकाच्या आरोग्याचा प्रश्न नाहीं. त्याच्या नावडीचा आहे. आणि नावड हा कांहीं हक्क नव्हे. जो स्वतःच्या आजारी माणसासाठीं रुग्णालयाच्या पायरीवर बसला आहे, त्यालाच दुसऱ्याचें आजारी माणूस पाहून घांस गोड लागत नाहीं, हें खरें असेलही. पण त्यासाठीं घरच्या धनिणीला पडद्याआड ढकलावयाचें काय? शिवाय उपदेशक लिहितात कीं खाट पुढच्या खोलींत आहे ती बाईच्याच हट्टानें. मागच्या खोलींत तिला भिंती दिसतात; पुढें माणसें दिसतात.

आतां मामेभावाचा सल्ला. प्रथम आम्हांला वाटलें कीं ह्यांत वावगें कांहीं नाहीं. मुलगी आईला पाणी पाजते, हें खरें. आई आजारी आहे, हें खरें. धंदा बसला आहे, हेंही खरें. खरी गोष्ट चार लोकांना कळविली तर पाप कोठें झालें? आपलीं दुःखें झांकून मरणाऱ्या घरांत अभिमानही पुष्कळ असतो, आणि तो अभिमान आमच्या मंडळ्यांत कांहीं कमी नाहीं. शेजाऱ्याला दोन वर्षें कळूं दिलें नाहीं, आणि मग शेजारी आला नाहीं म्हणून रडावयाचें, असें आम्हीं पाहिलें आहे.

असा उपाय फळतो, हेंही खोटें नाहीं. दिल्लींत मालवीय नगरांत एक वृद्ध जोडपें लहानसा ढाबा चालवीत असे. टाळेबंदीनंतर विक्री बसली. ऑक्टोबर २०२० मध्यें कोणीं एकानें त्या म्हाताऱ्याचें चित्रण करून सर्वत्र पाठविलें. त्यांत तो, अन्न विकलें जात नाहीं, असें सांगतांना रडत होता. दुसऱ्याच दिवशीं त्या ढाब्यापुढें रांग लागली, आणि देशभरांतून पैसा आला. पुढें त्या पैशांवरून वाद निघून पोलिसांपर्यंत गेला. डिसेंबरांत मोठें उपाहारगृह उघडलें. २०२१ च्या आरंभीं, खर्च झेपेना म्हणून, तें बंद करावें लागलें आणि जोडपें जुन्या जागीं परत आलें. कोणाची चूक, हें ठरविणें आमचें काम नाहीं. पण जी गर्दी अश्रू पाहून आली ती भाजी-पोळीसाठीं टिकली नाहीं, एवढें त्यावरून दिसतें. दयेनें आलेला माणूस एकदां जेवून जातो. त्याचें ऋण फिटलेलें असतें. दुसऱ्यांदां तो येतो तो भाकरीसाठीं.

तरीही, गर्दी टिकत नाहीं म्हणून गोष्ट वाईट ठरत नाहीं. औषधापुरता पैसा एका आठवड्यांत जमला तरी तो जमलाच. आमचें मन येथें बराच वेळ अडून राहिलें. मग उपदेशकांच्या पत्रांतील एक ओळ पुन्हा वाचली. मुलीनें मामेभावाला विचारलें होतें कीं पाणी पाजतांना हात थरथरला तर? त्यावर तो सहज म्हणाला, "नीट नाहीं आलें तर पुन्हा घेऊं."

वाचकहो, त्या घरांत पाणी मोजून दिलें जातें. चित्र नीट यावें म्हणून दुसरा घोट पाजणें, म्हणजे आईच्या दिवसाच्या वांट्यांतून एक घोट काढणें होय. त्या मुलाच्या मनांत हें आलें नाहीं, कारण त्याचें लक्ष कांचेंत होतें. तो दुष्ट नाहीं. पण पाणी आईच्या घशासाठीं आहे कीं पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठीं आहे, ही निवड त्या एका वाक्यांत झालेली होती. आणि ती एकदां झाली कीं थांबत नाहीं. रांग आईच्या दुखण्यावर लागली असेल, तर ज्या दिवशीं आई उशीला टेकून बसेल, जरा हसेल, तो दिवस धंद्याला वाईट. असा हिशेब कोणी मुलगी मुद्दाम मनांत धरीत नाहीं. परंतु गल्ल्यावर बसणाराला न धरतांही हिशेब कळतो. मुलीला आपल्या आईच्या बऱ्या दिवसाची धास्ती वाटावी, अशा जागीं तिला कोणीं कां बसवावें?

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत ज्या लोकांना दोष दिला आहे ते आईबापांना द्यावयाचा पैसा देवाला अर्पण केला, असें म्हणून हात मोकळे करीत. ते देवाचें नांव घेऊन आईबापांना चुकवीत. येथें आईचें नांव घेऊन पैसा मिळवावयाचा आहे, आणि तो तिच्यासाठींच मिळवावयाचा आहे. म्हणून दोन्ही सारखीं आहेत, असें आम्ही म्हणत नाहीं. हेतूंत फार अंतर आहे. तरी एक गोष्ट दोहोंत आहे: ज्या माणसाबद्दल सारें चाललें आहे त्याला कोणीं विचारिलें नाहीं. दुकानदारानें विचारिलें नाहीं, मामेभावानें विचारिलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर प्रथम मुलीनेंही विचारिलें नव्हतें.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यांत आहे. पुंडलिकाची कथा येथल्या पोराटोरांस पाठ आहे. ज्यानें आधीं आईबापांस छळलें, मग पश्चात्ताप पावून त्यांच्या सेवेस लागला, आणि दारीं देव आला तेव्हां वीट फेंकून त्याला उभें राहावयास सांगितलें, तो हा पुंडलिक. त्या उपासनेविषयीं आमचें मत वाचकांस ठाऊक आहे; तो येथें विषय नाहीं. कथेची खूण मात्र मोलाची आहे. पुंडलिकानें पाहुण्याकडे पाहून सेवा केली नाहीं. सेवेकडे पाहून पाहुण्याला थांबविलें. खानावळवालीला हें जमणें कठीण, हें आम्ही जाणतों. पुंडलिकाला गिऱ्हाइकें सांभाळावयाचीं नव्हतीं. भुकेल्याला विटेवर उभें करून चालत नाहीं; तो पुढच्या खानावळींत जातो, आणि त्याच्याबरोबर आईच्या औषधाचा पैसा जातो. म्हणून भाकरी थापणें हीही ह्या मुलीची सेवाच आहे, आणि त्या वेळीं ती खाटेपासून दूर आहे म्हणून तिनें मनाला लावून घेऊं नये. पुष्कळ मुलांना अंथरुणाजवळ बसलेलीच सेवा वाटते. चुलीजवळची तितकीच आहे, आणि ती कोणाला दिसत नाहीं.

मग गिऱ्हाईक कसें यावें? मुंबईच्या गिरणगांवांत हजारों बायका घरांतल्या घरांत गिरणीकामगारांस महिनेवारीनें जेवूं घालीत. कित्येकींचे नवरे आजारी वा बेकार असत. त्यांच्याकडे माणसें टिकत तीं दयेनें नव्हे. जेवण ठरल्या वेळीं मिळे आणि पगार होईपर्यंत उधार चाले म्हणून. त्यांची खरी अडचण सावकार ही होती. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं ह्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें, आणि त्यांच्या गटांना एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचें कर्ज मिळूं लागलें. मदत ही मदत म्हणून, उघड आणि हिशेबानें मिळाली. जेवण हें जेवण म्हणून विकलें गेलें. दोन्ही एका ताटांत कालवलीं नाहींत.

सोलापुरच्या ह्या घरालाही तसेंच लागेल असें आम्हांला वाटतें. मंडळीपुढें प्रार्थनेच्या वेळीं सारी हकीकत सांगावी. औषधाला कमी पडतें तें उघड मागावें. ह्यांत लाज नाहीं. मंडळींतल्या दोघी बहिणींनीं आठवड्याच्या त्या तीन दुपारीं चुलीपाशीं बसावें, म्हणजे दार अगदींच बंद राहणार नाहीं. चटणीचें प्रमाण आईकडून आतांच लिहून घ्यावें. रुग्णालयांत माणसाजवळून उठतां येत नाहीं अशांना भाकरी बांधून पोंचवावी. सोलापुरची कडक भाकरी तर दिवसचे दिवस टिकते, ती खेड्यांतल्या माणसाला परत जातांना बरोबर नेतां येते. ह्यांत युक्ती अशी कांहींच नाहीं, हें आम्ही जाणतों. पण गिऱ्हाईक ह्यानेंच परत येतें.

एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहानें सांगतों. बारा वर्षांच्या भावाला गल्ल्यावर किंवा ताटें उचलावयास बसवूं नये. नातेवाइकांपैकीं कोणी म्हणालें कीं लहान पोर पाहून लोकांना कींव येईल. चौदा वर्षांखालच्या मुलांना उपाहारगृहांत व ढाब्यांत कामाला ठेवण्यास ऑक्टोबर २००६ पासून बंदी झाली. २०१६ च्या दुरुस्तीनें, घरच्या धंद्यांत शाळेच्या वेळेबाहेर मुलानें हातभार लावण्यास मुभा ठेविली आहे. तेव्हां त्यानें संध्याकाळीं कांदे निवडले तर कायदा आड येत नाहीं. परंतु कींव यावी म्हणून मुलाला पुढें बसविणें हें हातभार लावणें नव्हे. एका लेकरानें शिक्षण सोडलें आहे. दुसऱ्याचें सुटतां कामा नये. आणि जे म्हणतात, मुलगी उद्यां सासरीं जाईल, तिच्यावर हा भार कां, त्यांस एवढेंच सांगतों कीं महाराष्ट्रांतील एका खटल्यांत १९८७ सालींच सर्वोच्च न्यायालयानें, विवाहित मुलगीही आईबापांच्या पोटगीस बांधलेली आहे, असा निवाडा दिला. भार तिचा आहे. पण तो तिचा एकटीचा आहे, असें कोणत्याही न्यायालयानें म्हटलेलें नाहीं. मामा, मावश्या, मंडळी, हीं कोठें आहेत?

कोणी विचारील, ज्या घराला मंडळी नाहीं, भाऊबंद नाहींत, त्यानें काय करावें? उद्यांचें औषध नसेल आणि मोबाइल हाच एक दरवाजा उघडा असेल, तर त्या दरवाजानें जाणाऱ्यावर आम्ही दगड उचलणार नाहीं. फक्त आजाऱ्याला आधीं विचारावें, आणि त्यानें "नको" म्हटल्यास तेथें थांबावें. आपलें दुखणें कोणाला दाखवावयाचें, हें ठरविणें हा आजाऱ्याच्या हातीं राहिलेल्या फार थोड्या अधिकारांपैकीं एक आहे. खाणें, पिणें, उठणें, बसणें, सारें दुसऱ्याच्या हातीं गेलेलें असतें.

हें लिहून होत आलें असतां उपदेशकांचें दुसरें पत्र आलें. मुलीनें आईला विचारलें. आईनें बराच वेळ कांहीं उत्तर दिलें नाहीं. मग म्हणाली कीं चित्र-बित्र नको, पण लोक बंद दार पाहून परत जातात तें मला इथून दिसतें, त्यांना कळलें पाहिजे. त्यावरून पाटी झाली. रंगाचें काम मामेभावानेंच केलें. तो ह्या कामापुरता पुण्याहून आला होता. पाटीवर एवढेंच आहे: "मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारीं ज्वारीची भाकरी व पिठलें एवढेंच मिळेल. रात्रीं ७ पासून पुरें जेवण." कां, असें जो विचारतो त्याला मुलगी कारण सांगते, जो विचारीत नाहीं तो जेवून जातो. मंडळींतल्या एक बाई येऊं लागल्या आहेत, दुसऱ्या अजून येतों म्हणताहेत. जुनीं गिऱ्हाइकें कांहीं परत आलीं. रांग लागलेली नाहीं.

खाट पुढच्या खोलींतच आहे. भाकरीचा कांठ अजून फाटतो, आणि तो फाटल्याचें बाईला थापण्याच्या आवाजावरून कळतें. मग ती निजल्या जागेवरून हांक मारते, "अगं, पाणी आणखी ऊन घे."